सरांचे उरलेले दोघं

मूठभर आकड्यांतून अख्खं जग उभं करणारा माणूस मी एकच पाहिला, आमच्या समोरच्या बंगल्यातले संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. भाजीबाजारात मटाराची एक शेंग सोलून ते अख्ख्या पोत्याबद्दल मत देत आणि भाजीवाली आ वासून बघत राही. प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर घालायची त्यांची सवय पेन्शनीतही सुटली नव्हती. नव्वदच्या दशकात त्यांना एका खेळाचं वेड लागलं. टेबलाभोवती बसायचं, कुणी योद्धा व्हायचं, कुणी चेटकीण, आणि फासे टाकत मिळून गोष्ट रचायची. त्याचं जाडजूड इंग्रजी पुस्तक मेन रोडच्या एका दुकानात मिळे. सरांनी ते घेतलं, पण नाशकात खेळायला कुणी सापडेना. मला विचारलं तेव्हा मी हसण्यावारी नेलं. मग ते एकटेच फासे टाकत बसत.

एके दिवशी ते दुकानातून विक्रीचा तपशील घेऊन आले. पहिल्या वर्षी एक प्रत, दुसऱ्या वर्षी दोन.

"दुप्पट," सर म्हणाले. "अशानं अजून दहा वर्षांत दोन हजारांवर जाईल."

मी हबकलोच. "सर, पहिली तर तुम्हीच घेतलीत."

"म्हणून तर उरलेले दोघं महत्त्वाचे. ते सापडले की खेळ सुरू."

दुकानदाराला एक गिऱ्हाईक नावानिशी आठवत होतं, येवल्याचा पैठणी विणणारा. आम्ही एसटीनं तिथं जाऊन थडकलो. पुस्तकातले चौकटींवर काढलेले भुयारांचे नकाशे त्यानं मागाशेजारी टांगले होते.

"खेळबिळ मला नाय ठाऊक, सर," तो म्हणाला. "पण ह्या चौकटींवरून काठ लय भारी निघतो."

राक्षसाच्या गुहेची तटबंदी जांभळ्या रेशमात उतरत होती.

परतीच्या एसटीत सरांनी तिकिटामागे दोनातून एक वजा केला. मग म्हणाले, "अजून एक उरलाय. दिवाळीच्या गर्दीत आला, कव्हरावरचा बुरूज बघितला आणि आत न चाळताच घेऊन गेला म्हणे. एवढा विश्वास म्हणजे मुरलेला खेळाडू असणार."

तो मीच होतो. किल्ल्यांवरचं पुस्तक समजून घेतलं होतं आणि घरी आत राक्षस निघाल्यावर लाजेनं कपाटावर टाकलं होतं. सरांच्या प्रतीवर खाकी कव्हर, त्यामुळे हे तेच पुस्तक आहे हे मला तोवर कळलंच नव्हतं. सांगावं म्हणून तोंड उघडलं, पण सरांचा चेहरा इतका उजळला होता की धीर झाला नाही. पुढे कित्येक वर्षं ते त्या खेळाडूची चौकशी करत राहिले.

सर गेल्यावर मी ते पुस्तक खाली काढून पहिल्यांदा वाचलं. दोघंच असले तरी हा खेळ खेळता येतो, असं सुरुवातीलाच लिहिलं आहे. मी सांगितलं असतं तर सर रागावले नसते. फासे घेऊन आले असते.