नळ उघडा ठेवणारी बाई

लातुरात तो सिनेमा जेमतेम चार दिवस टिकला. भीतीचा म्हणून लावलेला, आणि त्यात भूतच नाही म्हटल्यावर लोक कशाला येतायत? मी मात्र दोनदा पाहिला. दुसऱ्या वेळी, नांदेडहून सकाळच्या गाडीनं आलेल्या धाकट्या बहिणीला ओढत नेलं. ती नको नको म्हणत होती, पण मी तिचं ऐकते थोडीच.

गोष्ट एवढीशी. एकटी राहणारी बाई रोज संध्याकाळी न्हाणीघरातला नळ मोठा सोडते, दार ओढून घेते आणि बाहेर बसून दटावते, "किती वेळ अंघोळ? जेवण गार होऊन राहिलंय." आत कुणी नसतं. नवरा कधीचाच गेलेला.

आता आमच्या गावात नळाला पाणी येतं आठ-दहा दिवसांनी. आलं की बाया हातातली कामं टाकून ड्रम भरायला पळतात. तिथं पडद्यावर धो धो पाणी वाहतंय म्हटल्यावर भीती कुठली वाटायला? मागून एक जण ओरडला, "नळ बंद कर की बाई!" सगळं थेटर हसलं. खरं सांगते, पहिल्यांदा पाहताना माझाही जीव त्या पाण्यापायीच तुटला होता.

मग एके दिवशी तो नळ आतून बंद होतो. मला वाटलं, आता ही किंचाळणार. तर ती उठते, टॉवेल घेते आणि दाराशी जाऊन उभी राहते, हसऱ्या चेहऱ्यानं. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. भीतीनं नाही, मला तिचा हेवा वाटला. आमचे हे गेल्यापासून मला घर खायला उठतं.

बहिणीला हेच कळावं म्हणून तर नेलं होतं. दोन दिवस राहा, असं तोंडानं म्हणायला जीभ रेटत नव्हती.

स्टँडवर तिनं पिशवी काखेत मारली. "आक्का, लई कटाळा आला बघ. त्यात भ्यायचं काय होतं?"

"काही नाही," म्हणाले. मग धीर करून म्हटलं, "राहा की दोन दिवस."

"आन घरी कोण बघंल? नातवाची शाळा हाय, ह्यांच्या गोळ्या हायत. सगळं हातात द्यावं लागतं एकेकाच्या."

नांदेडची गाडी लागली. ती चढली, जागा धरली आणि खिडकीतून म्हणाली, "तुझं बरंय आक्का. तुला कुणाचं काय बघायचं न्हाई."

मी हो म्हणाले आणि गाडी हलेपर्यंत हसत उभी राहिले.