शेजाऱ्यांच्या ताटातला बथुआ

आमच्या घरासमोर, बजाजनगरच्या गल्लीत, पत्र्याच्या खोल्यांची एक ओळ आहे. कंपन्यांत ठेकेदाराकडं काम करणारी बिहारकडची कुटुंबं तिथं राहतात. बायका सकाळी एकाच नळावर तांदूळ धुतात, आणि मग गल्लीभर बटाट्याच्या फोडणीचा वास पसरतो. रोज तोच. त्या वासावरून मी घरात थट्टाही केलेली आहे.

गेल्या हिवाळ्यात समोरच्या खोलीतल्या बाईला दिवस गेले होते. आरोग्य केंद्राच्या आशाताई तपासायला आल्या तेव्हा माझी बायको तिथंच उभी होती. ताईंनी त्या बाईची पापणी खाली ओढून पाहिली आणि म्हणाल्या, रक्त फार कमी आहे, पालेभाज्या खात जा, नाहीतर बाळंतपणात जड जाईल. त्यावर ती बाई म्हणाली, "दीदी, पालक ले आती हूँ, मुँह में जाता नहीं. मेथी कड़वी लगती है. हमारे यहाँ जाड़े में बथुआ खाते हैं, भात के साथ. इधर तो बथुआ दिखता ही नहीं."

जेवताना बायकोनं मला विचारलं, "अहो, बथुआ म्हणजे काय हो?"

मी मोबाइलवर त्याचं चित्र शोधलं आणि मला हसूच आलं. आमच्या देवगाव रंगारीच्या रानात गव्हाला पाणी दिलं की हे तण गव्हाच्याही आधी डोकं वर काढतं. चाकवताचा रानटी भाऊ म्हणा. धाकटा भाऊ दरवर्षी औषध मारून ते जाळतो. इकडं एक बाई त्याच्यासाठी झुरत होती आणि तिकडं आम्ही पैसे खर्चून ते मारत होतो.

त्या रविवारी मोटारसायकलवर गावाकडं गेलो आणि पोतंभर बथुआ उपटून आणला. सोबत हरभऱ्याचे कोवळे शेंडेही खुडले. पोतं समोरच्या दारात उतरवलं, तशी ती बाई पुढं आली. एक पान बोटांत चुरडून तिनं नाकाशी धरलं. मग आत वळून नवऱ्याला म्हणाली, "अजी सुनते हो, घर आ गया."

संध्याकाळी लसणाचा आणि सुक्या मिरचीचा खमंग वास आला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या खोल्यांतल्या बायका आमच्या दारात. तण कुणी विकत नाही, त्यामुळं पैशाचा प्रश्नच नव्हता. मी दर रविवारी पोतं आणायला लागलो. पुढच्या खेपेला आशाताईंनी पापणी पाहिली आणि म्हणाल्या, थोडा फरक आहे, असंच खात राहा. ते ऐकून माझी छाती फुगली. कंपनीच्या कँटीनमध्ये मी ते दोन-तीन वेळा तरी सांगितलं असेल. आपण कुणाचं तरी बाळंतपण सोपं करतोय, असं मला खरोखर वाटत होतं.

भावाला ते पटत नव्हतं. "दादा, तुझ्या बिहाऱ्यापायी माझा गहू पिवळा पडायलाय. तण सगळं खत खाऊन चाललंय. फवारा मारू दे मला."

"मार की. विहिरीजवळचे दोन वाफे तेवढे सोड."

"सोडतो. पण तू निघायच्या आधी फोन करत जा. औषधाचं रान हाय, खेळ नाय."

"करतो," मी म्हणालो. केला मात्र कधी नाही. आपल्याच रानात जायला फोन कशाला करायचा, असं मला वाटायचं.

मध्ये ओव्हरटाइम लागला आणि माझे एक-दोन रविवार चुकले. समोरच्या बाईनं विचारलं, "भैया, साग खतम हो गया क्या खेत में?" साग म्हणजे त्यांची पालेभाजी. तिचं पोट आता चांगलं दिसायला लागलं होतं. तिच्या विचारण्यात अजिजी होती. ती अजिजी मला लागली, आणि पुढच्या रविवारी दिवस उजाडताच मी निघालो.

रानात भाऊ नव्हता, नात्यातल्या कुणाकडं कन्नडला गेला होता. बांधावर काठीला खताच्या पांढऱ्या गोणीचा फाटका तुकडा बांधलेला होता.

त्याचा अर्थ आमच्या भागात लहान पोरालाही कळतो. फवारणी झाली की बांधावर असं फडकं लावतात, आणि मेंढरंवाल्यांना निरोप देतात की या रानाच्या कडेला चारू नका. मी ते फडकं पाहिलं. पाहिलं नाही असं मला म्हणता येणार नाही. माझ्या मनात आलं, औषध मारलंय वाटतं, पण आपले वाफे सोडलेत, बोलणं झालंय. बथुआ हिरवागार, तजेलदार दिसत होता. हे औषध मारलं की पान लगेच सुकत नाही, वाकडं व्हायला दोन-तीन दिवस जातात. हेही मला माहीत होतं.

लांब नाल्यापलीकडं ओळखीचा म्हातारा मेंढपाळ आपली मेंढरं अडवून उभा होता. त्यानं मला हाक मारली, हातवारे केले. वाऱ्यानं शब्द आले नाहीत. रामराम घालतोय असं समजून मीही हात वर केला आणि पोतं भरत राहिलो.

दुपारी घरी पोचून भाजी वाटली. जेवून आडवा झालो, तोच भावाचा फोन आला.

"दादा, तू रानात आला व्हतास?"

"हो. का?"

"मेंढरंवाला सांगायलाय. भाजी नेली का तू?"

"विहिरीजवळची नेली."

"पंपवाल्यानं कालच मारलंय. समदं रान मारलं. मी म्होरं नव्हतो, त्याला वाफ्यांचं सांगायचं राहून गेलं."

"आणि मला फोन नाही केलास?"

"तू येणार हे मला काय ठावं? मेंढरंवाल्याला सांगितलं व्हतं म्या. मेंढरू मेलं तर भरून द्यावं लागतं."

गल्ली ओलांडायला किती वेळ लागतो? मला तेवढ्यातही खोटं सुचलं. दारात जाऊन म्हणालो, "भाभी, आजची भाजी जरा खराब निघाली. राहिली असेल तर टाकून द्या."

ती हसली. "खराब कहाँ, भैया. बहुत मीठा था. मैंने तो दो बार लिया."

रिकामी कढई तिनं मला कौतुकानं दाखवली. माझ्यामागं माझी बायको येऊन उभी राहिली होती, तिनं फोन ऐकला होता. ती मला म्हणाली, "नीट सांगा त्यांना. नाहीतर मी सांगते." मग मी सांगितलं. त्या बाईनं पहिल्यांदा काय केलं असेल, तर दोन्ही हात पोटावर ठेवले.

बाकीच्या खोल्यांतली भाजी अजून शिजलेली नव्हती, ती बायकोनं गोळा करून पोत्यात भरली. मी त्या नवरा-बायकोला रिक्षानं दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरांनी औषधाचं नाव विचारलं. भावानं फोनवरून बाटलीवरचं नाव वाचून दाखवलं, अडखळत, प्रत्येक अक्षर सुटं करून. बाईला उलट्या झाल्या, पण त्या भीतीच्या की औषधाच्या, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. एक दिवस ठेवून घेतलं, सलाईन लावलं, पोटातल्या बाळाचे ठोके ऐकले आणि घरी सोडलं. डॉक्टर म्हणाले, धोका दिसत नाही. रक्त मात्र कमी आहे, ते वाढवा.

नवऱ्यानं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "आप तो अच्छे के लिए लाए थे." आणि मान खाली घालून रिक्षात बसला.

त्या दिवसापासून समोरच्या ओळीत पालेभाजी शिजली नाही. माझी नाहीच, पण हातगाडीवरचा पालक नाही, मेथी नाही, कोथिंबीरही नाही. बायका एकमेकींना सांगायच्या, इकडच्या रानात सगळ्यावर जहर मारतात. मी काय तोंडानं नाही म्हणणार होतो? आशाताईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या, तर बाई त्याही घेईना. माझी बायको घरचा पालक वाटीतून घेऊन जायची. वाटी घासून परत यायची. आतलं कुठं गेलं ते आम्ही विचारलं नाही. एकदा मी दारात उभा राहून समजावू लागलो तर ती म्हणाली, "भैया, मैं चाहती हूँ खाना. कौर हाथ में लेती हूँ, हाथ रुक जाता है."

पुन्हा भात आणि बटाटा. पापणी पुन्हा पांढरी पडली. आशाताई माझ्यादेखत तिला रागावल्या आणि माझ्याकडं न पाहता निघून गेल्या.

आठव्या महिन्यात नवऱ्यानं तिला गावी न्यायचं ठरवलं. रक्त इतकं कमी असताना इतक्या लांबचा प्रवास नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण गावाकडं साग आपल्या अंगणातला असतो, तिथं ही खाईल, असं त्याचं म्हणणं. मला त्यावर बोलायला जागा नव्हती. मी त्यांची पेटी रिक्षात ठेवली. ती बसताना दोनदा थांबली, दम लागला म्हणून.

तो परत आला तेव्हा उन्हाळा लागला होता, आणि तो एकटा होता. त्यानं आपणहून सांगितलं. मुलगी दिवस भरायच्या आधीच झाली, फार लहान होती, राहिली नाही. बायकोला रक्त चढवावं लागलं. ती अजून अंथरुणातून धड उठत नाही. कशामुळं झालं, हे तो बोलला नाही. मीही स्वतःला अनेकदा समजावलं आहे, की रक्त आधीपासूनच कमी होतं, प्रवास झाला होता. हे सगळं खरं आहे. पण ती खायला लागली होती, आणि तिचं खाणं मी बंद पाडलं, हेही खरंच आहे.

या हिवाळ्यात भावाला सांगून मी विहिरीजवळचे ते वाफे गव्हाला दिलेच नाहीत. तिथं नुसता बथुआ आणि हरभरा ठेवला, फवारा उडून येऊ नये म्हणून मध्ये तुरीची दाट ओळ, आणि फवारणीच्या दिवशी मी स्वतः तिथं उभा राहिलो. पहिली खुडणी घेऊन समोर गेलो. तिचा नवरा खोलीत एकटाच बटाटे सोलत बसला होता. मी सगळं सांगितलं, औषधाचा थेंब नाही, माझ्या डोळ्यांदेखत.

त्यानं जुडी हातात घेतली, उलटीसुलटी पाहिली. मग शांतपणे विचारलं, "भैया, आपके घर में बनता है ये?"

पोत्यामागून पोती मी त्या दारात उतरवली होती. हरभऱ्याचे शेंडे आमच्याकडंही व्हायचे. बथुआ एकदाही झाला नाही. तण कोण खातं, असं मीच पहिल्या दिवशी म्हणालो होतो. आमच्या ताटात तो पडणार असता तर त्या सकाळी मी फडक्यापाशी थांबलो असतो, नाल्याकडं चालत जाऊन म्हाताऱ्याला काय म्हणतोस म्हणून विचारलं असतं.

"नाही," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. जुडी माझ्याकडं परत दिली नाही, टाकलीही नाही. खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि पुन्हा बटाटे सोलायला बसला.