इनामदारांची बेबीआत्या

बेबीआत्या माणसांना अरे-तुरे करायची आणि मांजराला अहो-जाहो. सोसायटीचा सेक्रेटरी, बँकेचा मॅनेजर, सत्यनारायणाला आलेले गुरुजी, सगळे तिच्या लेखी ‘अरे’. घरातला पिवळा बोका तेवढा ‘इनामदार’. “इनामदार, उठा आता. पंख्याखाली किती लोळाल?” हे नाव का ठेवलं, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, “काम शून्य, खाणं वेळेवर आणि वर तोरा. दुसरं काय म्हणायचं?”

आत्या म्हणजे माझ्या बाबांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. सरकारी कचेरीत टायपिंग करून निवृत्त झाली आणि आचोळ्याला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहिली. आई गेल्यावर दोनेक वर्षांनी मला गोखिवऱ्याच्या एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी लागली, तेव्हा बाबा मला देवरुखहून तिच्याकडे सोडून गेले. घरात एकच खुर्ची धड होती आणि तिच्यात बोका होता. आत्या म्हणाली, “तू नंतर आलीस. खाली बस.” मी बसले.

इनामदारांचं खाणं-पिणं हा घरातला सर्वांत गंभीर विषय. आमचं जेवण कुकर उतरेल तेव्हा, त्यांचं घड्याळ लावून. मासा उकडलेला, काटे काढलेला, मीठ-हळद नाही. आणि दूध अजिबात नाही. येणाराजाणारा मात्र हटकून म्हणायचा, “अहो, मांजराला दूध नाही देत?” एकदा समोरच्या काकूंनी आत्याची नजर चुकवून वाटीभर पाजलंच. संध्याकाळी इनामदारांनी अर्ध्या घरावर त्याची पावती दिली. आत्याने बादली आणि फडकं उचललं आणि थेट समोरची बेल वाजवली. “ये. ज्याने पाजलं, त्याने पुसायचं.” काकूंनी नाकाला पदर लावून पुसलं. मजल्यावरचा दुग्धाभिषेक तेव्हापासून बंद झाला.

इनामदारांची नसबंदी करायचं ठरलं, तेव्हा तर नातेवाइकांचे फोन आले. मुक्या जिवाचा संसार मोडतेस, पाप लागेल, वगैरे. आत्या फोनवर ओरडली, “माझाही झाला नाही संसार! मेले का मी? उलट वजन वाढलं!” ऑपरेशननंतर बोक्याचंही वाढलं. मग तिने त्यांच्यासाठी व्यायाम काढला. रोज संध्याकाळी परकराची जुनी नाडी जमिनीवरून सळसळत न्यायची आणि बोक्याने झेप घालायची. साठी उलटलेली बाई पलंगाखाली पोटावर सरपटायची. “खिडक्यांना जाळी मी लावली,” ती धापा टाकत सांगायची, “मग त्यांची शिकार मीच व्हायला नको? नुसतं खाऊन पडून राहिलं की माणूस कीर्तनाला जातं आणि मांजर आजारी पडतं.”

केतन पहिल्यांदा घरी आला तो नेमका ह्याच वेळी. केतन माझ्याच ऑफिसातला, वटारचा, घरची केळीची-फुलांची वाडी. त्याला पलंगाखालून फक्त दोन पाय दिसले. पाय बोलले, “बस रे. शिकार चाललीय.” तो मुकाट बसला. थोड्या वेळाने बोका त्याच्या मांडीवर जाऊन झोपला आणि तो तासभर हलला नाही, पायाला मुंग्या आल्या तरी. तो गेल्यावर आत्या म्हणाली, “कर ह्याच्याशी. ह्याला गप्प बसता येतं.”

साखरपुडा वटारला, त्यांच्या अंगणात ठरला. बाबा आदल्या दिवशी आले होते. सकाळी मी साडी नेसत होते आणि आत्या बाथरूमच्या दारात, वाळूच्या ट्रेपाशी उकिडवी बसून होती. इनामदार ट्रेमध्ये बसायचे, जोर लावायचे, उठायचे. वाळू कोरडी. परत बसायचे. मग त्यांनी एक बारीक, लांबलचक आवाज काढला. तसा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. आत्या ताडकन उठली.

“लघवी अडलीय. बोक्याचं हे थांबलं की विष चढतं. मी डॉक्टरकडे जाते. तुम्ही व्हा पुढे.”

बाबा हादरले. “बेबी, आज? अगं, पोरीच्या आईच्या जागी तू आहेस. लोक काय म्हणतील?”

“लोकांना लघवी होतेय ना? मग त्यांना थांबता येईल.” टोपलीत टॉवेल अंथरत ती माझ्याकडे वळली. “तुझा साखरपुडा उद्याही होईल. ह्यांचं आजच व्हायला हवं.”

ती रिक्षाने गेली. मी गाडीत खिडकीकडे तोंड करून बसले. खरं सांगायचं तर मला रडू येत होतं, आणि ते बोक्यासाठी की माझ्यासाठी, हे कळत नव्हतं. वटारला पोचलो तर अंगण माणसांनी भरलेलं. बाबांनी ‘जरा तब्येतीचं कारण’ असं पुटपुटत वेळ मारून नेली. केतनच्या आईंनी मला आत घेतलं आणि विचारलं, “कुणाची तब्येत?” मी सांगून टाकलं. म्हटलं, आता मोडतंय. त्या बाहेर जाऊन सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “मुलीची आत्या आल्याशिवाय अंगठी नाही. सरबत फिरवा.”

मुहूर्त टळला. गुरुजी दोनदा घड्याळ दाखवून गेले. सरबत संपलं, मग पुन्हा झालं. आणि एकदाची फाटकाशी रिक्षा थांबली. आत्या उतरली. चुरगळलेली जरीची साडी, त्यावर मोठा ओला डाग, हातात टोपली. अंगणाच्या मधोमध येऊन तिने टोपली खाली ठेवली आणि जाहीर केलं, “झाली!”

“काय झालं?” केतनच्या एका मामांनी विचारलं.

“लघवी. नळी घालून काढली. डॉक्टर म्हणाला, संध्याकाळपर्यंत थांबली असतीस तर मांजर गेलं असतं.”

केतनच्या आईंना हसू फुटलं, आणि पाठोपाठ सगळ्या अंगणाला. अंगठ्या घातल्या तेव्हा आत्या माझ्या मागे उभी होती. तिच्या अंगाला औषधाचा वास येत होता आणि तिचा हात माझ्या खांद्यावर होता. इनामदार आतल्या खोलीत पंख्याखाली झोपले होते.

पुढे ते बरीच वर्षं जगले. म्हातारपणी मूत्रपिंडं थकली आणि एका दुपारी आत्याच्या मांडीवर गेले. केतनने वाडीत चाफ्याखाली खड्डा घेतला. आत्या रडली नाही. खड्डा उथळ आहे म्हणून केतनला सडकून शिव्या दिल्या आणि तो खोल होईपर्यंत तिथून हलली नाही. मी पिल्लू आणू का विचारलं, तर म्हणाली, “पिल्लू पंधरा वर्षं जगेल. मी नाही. कुणाला पोरकं करून जायची हौस नाही मला.” पण महिनाभरात तिच्या घरात एक म्हातारी मांजर दिसली. एका डोळ्याने अधू, दात पडलेली. मालक फ्लॅट विकून गेले आणि तिला जिन्यात सोडून गेले. आत्याने तिचं नाव ‘काकू’ ठेवलं. म्हणाली, “आमची शर्यत आहे. बहुतेक त्याच आधी जातील.”

हिशेब चुकला. काकूंचं वजन आणि हिरड्या बघणाऱ्या आत्याने स्वतःची साखर कधी तपासली नव्हती. हॉस्पिटलात ती दिवसेंदिवस बारीक होत गेली, जीभ तेवढी शाबूत. मी काकूंना वटारला आणलं होतं.

“जेवल्या का त्या?” आत्याने विचारलं.

“हो, जेवल्या.”

“खोटं बोलू नकोस. एक-दोन दिवस रुसतील. त्यावर गेलं तर डॉक्टरकडे ने, वाट बघू नकोस. पण जेवतील. मांजर आहे ते, सती नव्हे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या गेली. स्मशानातून सगळे परतले, आंघोळी झाल्या, आणि मी काकूंची बशी पुन्हा भरून स्वयंपाकघरात बसले. तेवढ्यात कपाटामागून काकू बाहेर आल्या. भिंतीला अंग घासत, अधू डोळा मिटून, बशीपाशी पोचल्या आणि चपचप आवाज करत सगळा मासा संपवला. मग माझ्याकडे बघून आणखी मागायला लागल्या. मी उठले आणि त्यांच्यासाठी काटे काढायला बसले.