काला तूफानच्या डोक्याचं माप

रायपूरच्या चौबे कॉलोनीत असं बोललं जातं की कुसुमताई बोधनकर एकदा एका नकाबपोश पहिलवानाबरोबर पळून गेल्या होत्या. कधी? तर एकोणऐंशी साली. कुठे? कोणी म्हणतं दुर्गला, कोणी म्हणतं थेट हंगेरीला. आणि सांगणारा हळूच पुढे सरकून विचारतो, "नाही तर मग लग्न काहून नाही केलं?"

हे खोटं आहे. अफवा ज्या गल्लीत जन्मली त्याच गल्लीतून दुरुस्ती होते आहे, म्हणजे पाप फिटलं. कुसुमताई पळाल्या नाहीत. गळ्यात टेप अडकवून सायकलरिक्षाने गेल्या आणि दिवेलागणीला परत आल्या. पहिलवानाचा नकाब शिवायला गेल्या होत्या. दोन दिवस लागोपाठ गेल्या, एवढंच काय ते संशयाला जागा देणारं. राहिला लग्नाचा प्रश्न. त्यांना दाखवायला आणलेल्या मुलांच्या सदऱ्यांची शिवण त्यांना कधी पसंत पडली नाही. याला पहिलवान काय करणार?

त्या वर्षी जानेवारीत मैदानावर फ्री-स्टाइल कुस्त्या आल्या होत्या. एका बाजूला बर्बर बोरो. पोस्टरवर तो हंगेरीचा होता, चहा मात्र अस्सल पंजाबीत मागायचा. दुसऱ्या बाजूला काला तूफान, ज्याचा चेहरा जगात कोणी पाहिलेला नव्हता. शनिवारी तूफान जिंकला. रविवारी हरला. सोमवारी तंबू उठला आणि मैदानात पुन्हा बकऱ्या चरू लागल्या.

तिथे संपायला हवं होतं. पण कुसुमताईंच्या अंगणात ते चोवीस वर्षं चालू राहिलं.

हिवाळ्यातल्या रविवारी, जेवणं आटोपली की, त्यांच्या अंगणात ऊन येऊन पडतं. रायपूर राजधानी झाल्यापासून शंकर नगराकडे लाल दिव्याच्या गाड्या धावतात, जमिनींचे भाव ऐकून माणसांना ठसका लागतो, पण या अंगणातल्या उन्हाला त्याची खबर नाही. तिथे दोन खुर्च्या आणि एक खाट असते. एका खुर्चीत श्यामराव, रेल्वेत गार्ड, सेहेचाळीस वर्षांचे, हिरवी झेंडी दाखवून दाखवून उजवा हात किंचित वरच राहिलेला. दुसरीत शेखर, त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान, पंडरीच्या कापडबाजारात स्वतःचं दुकान. खाटेवर कुसुमताई, मांडीवर कोणाचा तरी ब्लाउज, हुक लावत.

आणि मग शनिवारची कुस्ती सुरू होते.

ती मुळात पंधरा मिनिटांची होती म्हणतात. श्यामरावांच्या तोंडून ती आता पाऊण तास चालते. काला तूफान उडत्या लाथेसाठी एकदा हवेत गेला की श्यामराव त्याला लवकर खाली उतरू देत नाहीत. चहा येतो, पिऊन होतो, गल्लीतून गॅसची गाडी वाजत जाते, जांभळाच्या झाडावरून पोपटांचा थवा उठतो, तूफान अजून हवेतच. नकाबाचं काळं सॅटिन उन्हात चमकतं. खालचं मैदान, हजारो माणसं, बर्बर बोरोचा उघडा जबडा, सगळं पाण्याखाली असावं तसं हलतं. कुसुमताईंची सुई हातातल्या हातात थांबते.

"ताई, हे सगळं नूरा कुश्ती होती हो," शेखर मध्येच म्हणतो. "आधीच ठरवलेली."

"ठरवलेली असो," श्यामराव डोळे न उघडता म्हणतात. "लग्नही ठरवलेलंच असते. मार लागत नाही काय?"

हा वाद नेहमीचा. खरा वाद दुसराच. शेखर तेव्हा बारा वर्षांचा होता आणि मैदानाबाहेरच्या निंबाच्या झाडावरून त्याने दोन्ही कुस्त्या पाहिल्या होत्या. त्याचं म्हणणं, रविवारी नकाबाच्या आत दुसराच माणूस होता.

आणि श्यामरावांना तो दुसरा माणूस परवडणारा नव्हता.

कारण असं. शनिवारी बोरोने तूफानच्या डोक्यात लोखंडी खुर्ची घातली, तूफान पडला, आणि सगळं मैदान गप्प झालं. पहिल्या रांगेतून एकच पोरगेला आवाज आला होता, "ऊठ!" तो श्यामरावांचा. बावीस वर्षांचे होते. रेल्वेच्या परीक्षेत दोनदा नापास झालेले, घरात कोणी त्यांच्याशी नीट बोलत नसे. तूफान उठला आणि जिंकला. रविवारी हरून परत जाताना तो त्यांच्यासमोर थांबला आणि त्यांच्या डोक्यावर हात ठेवून गेला.

"वळखलं त्यानं मले," श्यामराव सांगतात. "हजार लोकं होते. माह्याच डोक्यावर ठेवला हात. मनात म्हटलं, हा माणूस हरून असा ताठ चालते, तर आपण काहून तोंड लपवून राहिलो? तिसऱ्यांदा बसलो परीक्षेले."

त्यानंतर ते गार्ड झाले, संसार झाला. सगळं त्या एका हातावर उभं.

कुसुमताई हे ऐकतात तेव्हा हुकावर फार बारीक नजर लावून बसतात. कारण रविवारच्या दुपारी तंबूत काय झालं ते जिवंत माणसांत बहुधा त्यांनाच माहीत आहे.

मॅनेजरने दुसऱ्यांदा रिक्षा पाठवली होती. तंबूत शनिवारचा तूफान नव्हताच. त्याचा घोटा मोडला होता, पहाटेच्या गाडीने त्याला नागपूरला धाडलं होतं. त्याच्या जागी स्टुलावर एक माणूस अंग चोरून बसला होता, लाकूड कापायच्या आरामशीनवर ओंडके उचलणारा, अंगाला सागाच्या भुशाचा वास. नकाब त्याच्या कानांखाली उतरेना. कुसुमताईंनी टेप लावली आणि शिवण उसवली. मागून-पुढून जेवढं कापड आत दुमडून ठेवलेलं होतं, ज्याला शिवणकामात माया म्हणतात, तेवढं सोडलं आणि बसल्या जागी पुन्हा टाके घातले. कापडाच्या भिंतीतून ऊन गाळून येत होतं, तंबूत सगळं पिवळसर, संथ. बाहेर बँड वाजत होता. तो माणूस मान खाली घालून म्हणाला, "दीदी, कोनो ला झन बताबे." दीदी, कोणाला सांगू नकोस. कुसुमताई सुई दातात धरून म्हणाल्या, "हव."

शिवण सैल केल्याने डोळ्यांची भोकं कानशिलांकडे सरकली, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा बेल वाजली होती. कनातीच्या फटीतून त्यांनी पाहिलं. तो माणूस एका वेळी एकाच डोळ्याने बघत, चाचपडत लढला. हरून निघाला तेव्हा पायरी दिसेना, म्हणून हात पुढे केला. हाताखाली जे आलं ते धरलं. ते एका बावीस वर्षांच्या पोराचं डोकं होतं.

आता सांगा, हे कोणाला सांगायचं?

तर गेल्या पौषातल्या रविवारी निधी आली. निधी कुसुमताईंच्या भावाची मुलगी, नव्या मंत्रालयात कॉम्प्युटरवर बसते. मराठी सगळी समजते, उत्तर हिंदीत देते. शेखरने तिला कामाला लावलं होतं. एका जुन्या वर्तमानपत्राच्या कचेरीतून तिने दोन्ही दिवसांचे फोटो मिळवले आणि पाटाएवढे मोठे करून आणले.

"आत्या, देखो ना," ती म्हणाली आणि दोन्ही खाटेवर मांडले. "कंधे देखो. ये एक आदमी है ही नहीं."

शनिवारचे खांदे मोटेसारखे रुंद. रविवारचे उतरते, ओझं वाहणाऱ्याचे.

"काय म्हटलं होतं मी?" शेखर खुर्चीतून उठलाच. "चोवीस वर्षं बोंबलून राहिलो!"

श्यामरावांनी चष्मा पुसला, परत घातला, रविवारचा फोटो उचलून उन्हात धरला. मग फोटोसकट त्यांचा तो वर राहिलेला हात पहिल्यांदाच खाली आला. शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या बिजौऱ्या, तिळाच्या वड्या, उन्हात तडकत होत्या.

"कुसुमताई," ते शेवटी म्हणाले, "तुम्ही माप घेतलं होतं. दोन्ही दिवस. खरं असन ते सांगून टाका. दुसरा असन तर दुसरा. फक्त मंग..." त्यांनी स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला. "मंग त्यानं कोणाले वळखलं?"

कुसुमताईंचा एक नियम कॉलोनीभर प्रसिद्ध आहे. एकीचं माप दुसरीला सांगायचं नाही. जाऊबाईंनी विचारो, सासूने विचारो, नवऱ्याने विचारो. माप ही गिऱ्हाइकाची लाज आहे, असं त्या म्हणतात. या नियमावर त्यांनी चोवीस वर्षं वेळ मारून नेली होती. पण असं कोणी विचारलं नव्हतं.

त्या उठल्या. आत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही. शेखर निधीकडे बघून हसला. निधी हसली नाही. ती श्यामरावांकडे बघत होती आणि तिला आता ते फोटो परत गुंडाळावेसे वाटत होते.

कुसुमताई मापांची जुनी वही घेऊन आल्या. उभ्यानेच वाचलं.

"शनिवार. डोकं, बावीस. रविवार. डोकं, चोवीस."

"घ्या!" शेखरने मांडीवर थाप मारली.

"घ्या काय?" कुसुमताई म्हणाल्या. "शनिवारी लोखंडी खुर्ची कोणाच्या डोक्यात बसली होती?"

श्यामरावांनी अगदी हळू म्हटलं, "त्याच्याच."

"मग? सुजणार नाही तर काय होईल? नकाब चढेना, म्हणून मले पुन्हा बोलावलं. शिवणीत माया ठेवली होती मी, ती उसवली अन् चढवला. डॉक्टरले नाही बोलावलं मेल्यांनी, टेलरले बोलावलं."

"लेकिन आत्या, कंधे..."

"रात्रभर डोकं ठणकलेला माणूस खांदे पाडूनच उभा राहते, बाई. तुझ्या बापाले बघ, साधं दात दुखलं तर कसा उभा राहते."

श्यामरावांनी फोटो पुन्हा उन्हात धरला. आता ते खांदे बघत नव्हते. नकाबाच्या त्या दोन काळ्या भोकांकडे बघत होते. त्यांचे ओठ हलले.

"तशा डोक्यानं लढला," ते म्हणाले. "अन् तशात वळखलं मले."

"हव," कुसुमताई म्हणाल्या आणि वही मिटली.

पोपटांचा थवा आला आणि जांभळात शिरला. कुठे तरी, फार वर, कोणी तरी उडत्या लाथेत होतं आणि त्याला खाली यायची काही घाई नव्हती. पण शेखर कापडवाला. त्याला इंचांचा हिशेब जमतो.

"ताई," तो म्हणाला, "एका रात्रीत दोन इंच डोकं सुजते काय हो कोणाचं?"

कुसुमताईंनी हुक, सुई, ब्लाउज सगळं उचलून घेतलं, खाटेवर बसल्या आणि त्याच्याकडे न बघताच म्हणाल्या, "टेप आणू काय? पंडरीत दुकान टाकल्यापासून तुझं किती सुजलं, तेही मोजून देते."