गुरुजींचं व्हायोलिन आणि माझी रिक्षा

रिक्षाच्या सीटखाली किती काय साठतं, ते रिक्षावाल्यालाही ठाऊक नसतं. पान्हा शोधायला हात घालावा, तर हाताला येतो कुणाचा तरी चष्मा! आमच्या गुरुजींच्या गोष्टींचं तसंच आहे. एक काढायला गेलं की चार बाहेर येतात. मी शाळेत गेलेलो नाही. लिहायवाचायला गुरुजींनीच शिकवलं, तेही रिक्षात बसून, पेपरातल्या मोठ्या अक्षरांवरून. तेव्हा जशा हाताला लागतील तशा सांगतो.

*

पहिली भेट सावेडीतली. एक गृहस्थ काळी पेटी छातीशी धरून रिक्षात बसले. म्हणाले, "केडगाव. पण स्पीडब्रेकरवर अगदी हळू हां."

मी म्हटलं, "आत काचेचं काय हाय का?"

"नाही. म्हातारी आहे. नव्वदीची!"

मी दचकून मागं पाहिलं. त्यांनी पेटी उघडून दाखवली. आत व्हायोलिन. त्यांच्या गुरूंनी त्यांना दिलेलं. "रेडिओवर पहिल्यांदा वाजवलं ते हिच्यावरच," म्हणाले. केडगाव येईपर्यंत मी दुसऱ्या गिअरच्या वर गेलो नाही.

त्या दिवसापासून कार्यक्रम कुठंही असो, रिक्षा माझीच. पुढं पुढं पेटी उचलायलाही मीच.

*

वाजवण्याआधी गुरुजी डाव्या हाताच्या बोटांना थेंबभर खोबरेल लावायचे. बोटं तारेवरून घसरली पाहिजेत ना! एकदा घाईत म्हणाले, "भिवा, जरा तयारी करून ठेव."

मी वाटीत तेल काढलं. मग बो, म्हणजे व्हायोलिनचा गज, पाहिला. घोड्याच्या शेपटीचे केस, पार कोरडे, वर पांढरी पावडर बसलेली. जीव हळहळला. चांगलं चोळून चोळून तेल लावलं. विंचरायचं तेवढं बाकी ठेवलं!

गुरुजींनी स्टेजवर बो ओढला. आवाजच नाही! पुन्हा ओढला, नुसता घसरला. ती पावडर म्हणजे राळ, तिच्यामुळंच तार बोलते, हे मला कोण सांगणार?

गुरुजींनी बो हुंगला. माझ्याकडं पाहिलं. मग माइकवर म्हणाले, "मंडळी, घरून दुसरा बो येईपर्यंत थांबा. आज आमच्या घोड्याचं अभ्यंगस्नान झालंय!"

*

आमच्या तिसगावच्या देवळात वाजवायला आले, तेव्हाची गोष्ट. त्यांची बसायची रीत ठरलेली. डावी मांडी घालायची, उजवा पाय पुढं, व्हायोलिनचं एक टोक खांद्याशी आणि दुसरं उजव्या घोट्यावर. माझी थोरली बहीण भागूआक्का पुढंच बसलेली. ती कशाला गप बसतीय!

"अवं गुरुजी, सरस्वतीचं वाद्य ना ह्ये? अन् पायावर ठिवता?"

गुरुजी म्हणाले, "आक्का, तान्ह्या लेकराला न्हाऊ घालताना कुठं ठेवता?"

आक्कानं स्वतःच्या पायांकडं पाहिलं. मग पदर सावरत म्हणाली, "मंग वाजवा. पर डोळ्यात साबन जाऊ दिऊ नगा!"

*

कार्यक्रम संपला की निवेदक साथीदारांची नावं घ्यायचा. तबल्यावर अमके, तानपुऱ्यावर तमके. टाळ्या पडायच्या. एकदा परत येताना गुरुजींनी विचारलं, "तुझं नाव कधी येत नाही. वाईट वाटतं का रे?"

"मी काय वाजवतो गुरुजी? हॉर्न!"

"तोही सुरात नाही," म्हणाले.

पण सकाळी त्यांच्या खिडकीखाली मी दोनदा हॉर्न दिला, की वरून व्हायोलिनवर तस्संच दोनदा वाजायचं. म्हणजे, आलो!

*

गेल्या वर्षी गुरुजी जिन्यावरून पडले. उजवा घोटा मोडला. आत स्टीलची पट्टी बसवली. काठी घेऊन चालू लागले, पण घोट्यावर नुसता रुमाल ठेवला तरी कळ यायची. मग व्हायोलिन कशावर टेकवायचं? उशी ठेवून पाहिली, ती दबायची. पाट ठेवला, त्यावरून टोक निसटायचं.

"पायाला कळतं रे, सूर कुठं चाललाय ते. लाकडाला काय कळणार?" म्हणाले, आणि पेटी बंद केली.

मी खाली हॉर्न द्यायचो. वरून काही यायचं नाही. गुरुजींच्या पत्नी, आमच्या वहिनी, खिडकीत येऊन नुसती मान हलवायच्या. असे चार महिने गेले.

एका सकाळी मी सरळ वर गेलो. कपाटावरची पेटी काढली. वाटीत बोटांपुरतं तेल काढलं. बोच्या केसांना मात्र हात लावला नाही! गुरुजींना सतरंजीवर बसवलं.

ते चिडले. "अरे, पण ठेवू कशावर?"

मी समोर बसलो, पँट वर सारली आणि त्यांच्या घोट्याशेजारी माझा पाय ठेवला.

"ह्याच्यावर ठिवा."

"भिवा, ऊठ!"

"भेगाळलेला हाय. पन धुऊन आलोय."

गुरुजींनी वाटीत बोट बुडवलं. दारात वहिनी उभ्या. मग पेटीतली ती म्हातारी अलगद माझ्या घोट्यावर टेकली. पहिला सूर मला कानाआधी हाडात कळला.

यंदाच्या थंडीत तिसगावच्या त्याच देवळात बैठक झाली. तासभर वाजवलं. पायाला मुंग्या आल्या, मग पाय आहे की नाही तेही कळेना. पण हलवला नाही. भागूआक्का पुढंच बसलेली, या वेळी गप्प. निवेदकानं नावं घेतली. तबल्यावर अमके, तानपुऱ्यावर तमके. टाळ्या झाल्या, लोक चपला शोधायला लागले.

गुरुजींनी माइक स्वतःकडं ओढला.

"बसा, बसा. एक नाव राहिलं."

लोक बसले.

"आणि पायावर, भिवाजी तिसगावकर!"