एक चाप, दोन बार

काल सुनेनं शिलाई मशीनला तेल घातलं आणि त्या वासानं माझं डोकं पुन्हा फिरलं. दुष्काळाच्या साली धारूरकडच्या आमच्या सहकारी साखर कारखान्यात मी फिटर होतो; पहाऱ्याच्या बंदुकीचं तेलपाणीही माझ्याकडंच. फाटकाजवळच्या टाकीवर पाण्यासाठी गर्दी उसळली. चेअरमनच्या हुकमावरून पहारेकरी किसनमामांनी दुनळी बंदुकीचा एक बार हवेत काढला. धक्क्यानं नळी कलली आणि दुसरा बार आपोआप उडाला. एका बाईच्या पायात छर्रे घुसले.

"मुद्दाम दोनदा चाप वढला यानं," चौकशीत चेअरमन म्हणाले.

"एकदाच वढला, सायेब. लेकराची आन हाय," मामा रडकुंडीला आले.

बंदुकीचा घोडा अडवून धरणारी आतली खाच झिजली होती. एक घोडा पडला की हादऱ्यानं दुसराही पडायचा. बंदूक दुरुस्तीला पाठवा, असं मी महिनाभर आधीच चेअरमनना लेखी दिलं होतं. आता सगळ्यांसमोर रिकामी बंदूक धरून मी एकच चाप ओढला. खट, खट.

"आमाला तर एकच आवाज आला," चेअरमन म्हणाले. सगळ्या संचालकांनी माना डोलावल्या.

मामांना त्याच दिवशी काढलं. आणि मी? "परत ओढू का?" एवढंसुद्धा विचारलं नाही. बंदूक टेबलावर ठेवली.