नानीचा पहिला मांडव

पहिल्या दिवशी नानीची एकही बांगडी विकली गेली नव्हती.

नानी वारली त्या दिवशी मी इथे उलटं लिहिलं होतं. पहिल्याच लग्नात तिची टोपली रिकामी झाली, असं. तुमच्यापैकी पुष्कळांनी ते शेअर केलं.

ते चूक आहे.

आम्ही मन्यार, बांगड्या भरणं हा घरचा धंदा. शाळेच्या आधी मी जे शिकले ते घरातल्या गोष्टींतूनच. त्या तपासून बघाव्यात असं कधी वाटलं नाही.

पोस्ट वाचून तिसगावहून मोठ्या खालाचा, आईच्या थोरल्या बहिणीचा, फोन आला.

"कुनी सांगितलं तुला ह्ये? अम्मीनं सोताच्या तोंडानं मला सांगितलंय. उगं थोरपन लावू नको तिला."

तर खरं असं.

चाळीसच्या दशकातली गोष्ट. लढाई चालू होती, माल धड येत नव्हता. त्यात नाना आजारी पडले, आणि नव्या नवरीनं, म्हणजे नानीनं, टोपली डोक्यावर घेतली.

पाथर्डीच्या बाजूचं एक लग्नघर. नेहमीचा कासार आधीच मांडवात बसलेला, बायका त्याच्याभोवती. नानीपुढे कुणी बसेना.

शेवटी नवरीची मावशी आली. हात पुढे केला.

नानीनं घाईनं बांगडी चढवली. पिचली. (फुटली म्हणत नाहीत.)

दुसरीही पिचली. मनगटाला रक्त आलं.

"अगं, हिला कुनी बसवलं हितं? नवरीला नगा धाडू गं बाई हिच्याकडं!" मावशी ओरडली.

मांडवभर हसू.

भरताना पिचली तर तोटा मन्यारणीचा, ही रीत. नानी उठून गेली असती तर कुणी थांबवलं नसतं.

ती उठली नाही. मावशीचा हात धरून, पदरानं रक्त पुसत विचारत बसली.

"हात येवढा आखडून का धरता, बाई?"

"सासू बघतीया तिकडून. लवकर उठ म्हनून वरडंल."

"मग तिलाच बोलवा की. आधी तिच्या हातात भरते."

मावशी हसली. हात सैल पडला.

पण तोवर हळद लागायची वेळ झाली होती. सगळ्या उठल्या. नानीनं तशीच भरलेली टोपली उचलली. जाताना मावशी म्हणाली, "बाजारात बसतीस का? मी जावांना घिऊन येते."

आली. जावांना घेऊन. सासूलाही घेऊन.

तुम्हाला माहीत आहे, मी ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांसाठी कापडी पॅड शिवून घेते. त्याला स्टार्टअप म्हणायला अजून लाज वाटते. वर्षभर नगरचे मीटअप, बचत गटांची प्रदर्शनं, कॉलेजच्या हॉलमधले मेळावे, सगळं केलं. दुसऱ्याचं नाव ऐकायच्या आत कार्ड पुढे करायचे.

एकदा येऊन नानीला सांगितलं, सगळी कार्डं संपली.

"कुनाशी बोललीस?"

"सगळ्यांशी."

"कोन कुठली हुती?"

मी फोनमध्ये नावं शोधायला लागले.

"मग च्या तरी बरा हुता का?"

टोळ्या दसरा झाला की निघतील. त्याआधी बायकांनी पॅड घेतले नाहीत तर हा सीझन गेला. शिवणाऱ्या दोघींना मग पुढे काम देता येणार नाही. त्या विचारत नाहीत, म्हणून जास्त भीती वाटते.

मागच्या आठवड्यात पाथर्डीजवळ एका मुकादमाच्या अंगणात टोळीची बैठक होती. मी लॅपटॉप उघडून बोलले. पुरुषांसमोर. बायका जमिनीकडे बघत राहिल्या.

मुकादमाची बायको म्हणाली, "ठिवा तितं. बघू."

पॅडची पिशवी ठेवली आणि पहिल्या जीपनं परत आले. एकीचंही नाव विचारलं नाही.

पिशवी कुणी उघडली असेल का? रोज फोन हातात घेते. करत नाही. काय विचारू?

आज नानीचा चाळिसावा दिवस. आधीची पोस्ट काढली नाही, तिच्याखाली दुरुस्ती लिहिली आहे.

खुदा हाफिज, नानी. अल्लाह तुला जन्नत देवो.

मुकादमाच्या त्या गावात मी पुन्हा जाते आहे. बैठक नाही, कुणी बोलावलेलंही नाही. लॅपटॉप नेणार नाही.

येत्या सोमवारी, सकाळच्या एसटीनं.